कोणता कंटाळा चालेल?

बारावीला बायोलॉजी घेतलेल्या मुलाला आमच्या मुलुंडात लिफ्टमध्ये एकच प्रश्न विचारतात. ‘म्हणजे मेडिकलला जायचंय ना?’ मूल हो म्हणालं तर तिसऱ्या मजल्यापर्यंत विषय मिटतो. नाही म्हणालं तर मजला आला तरी काका दार धरून उभे राहतात. मेडिकल नाही तर डेंटल, डेंटल नाही तर आयुर्वेद, मग फिजिओथेरपी, मग फार्मसी, असं करत करत ते ‘बीएस्सी झाल्यावर बँकेच्या परीक्षा देता येतात म्हणा’ इथवर येतात आणि मग दार सोडतात. एखादी बाई आयुष्यभर उंदरांच्या गाठींचे पातळ काप बघत बसेल, एखादा बाप्या माशांच्या पोटात काय काय निघतं ते वहीत लिहीत बसेल, आणि त्याबद्दल महिन्याच्या महिन्याला पगार येईल, हे त्या यादीत कुठेच नसतं. काकांचा यात काही दोष नाही. त्यांनी असा माणूस पाहिलेलाच नसतो. डॉक्टर त्यांनी पाहिलेला असतो; पाचरस्त्याला त्याचा दवाखाना असतो, दारावर पाटी असते, बाहेर चपलांचा ढीग असतो.

मी त्याच यादीतून खाली खाली येत प्राणिशास्त्रात पोचले. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मेडिकलच्या याद्या लागल्या, तिसऱ्या यादीतही नाव नाही हे कळल्यावर आईने शिरा केला, कारण त्या प्रसंगाला काय करतात हे तिला माहीत नव्हतं. बीएस्सीला झूलॉजी मिळालं. माझ्या बॅचमध्ये जवळजवळ सगळेच असे होते. पहिल्या वर्षी वर्गात सुतकी शांतता असायची. दुसऱ्या वर्षी मेणाच्या ट्रेमध्ये झुरळ टाचून त्याची लाळग्रंथी न तुटता बाहेर काढायची वेळ आली, तेव्हा वर्गाचे दोन भाग पडले. बहुतेकांना ती लवकर काढून जर्नलवर सही घ्यायची होती. दोघंतिघं मात्र ती काढून झाल्यावरही भिंग घेऊन बघत बसले. त्यांच्यात मी होते. मला ती फार आवडली होती असं नाही. फक्त घड्याळाकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

पुढे परळच्या एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून चिकटले, मग पीएचडी, मग तिथेच बरीच वर्षं. आता निवृत्तीच्या जवळ आल्यावर बोरिवलीहून, घाटकोपरहून, कधी डोंबिवलीहूनसुद्धा कोणाच्या ना कोणाच्या ओळखीने आईबाप मुलांना घेऊन येतात. ‘मॅडम, हिला रिसर्चमध्ये इंटरेस्ट आहे.’ इंटरेस्ट सगळ्यांना असतो. चित्रफितीत पेशी दुभंगताना बघून ज्याला मजा वाटत नाही असा माणूस विरळा. म्हणून मी इंटरेस्टचं विचारत नाही. मी विचारते, ‘तुला कोणता कंटाळा चालेल?’ आईबाप माझ्याकडे जरा संशयाने बघतात. पण जीवशास्त्राच्या संशोधनात मजेचा वाटा फार थोडा असतो, आणि तो सगळ्या शाखांत सारखाच असतो. फरक असतो कंटाळ्यात. कोणाला चिखलात पाय रोवून सहा तास काहीच न घडताना बघता येतं, पण पिपेटने शहाण्णव खळग्यांमध्ये थेंब थेंब टाकताना त्याचं डोकं फिरतं. कोणाला याच्या उलट. माणूस कुठे टिकेल हे यावरून ठरतं, असं माझं मत आहे आणि ते मी कोणावर लादत नाही. विचारायला आलेल्यांवर तेवढं लादते.

मुलाखतींमधलं ‘मला लहानपणापासूनच’ हे प्रकरण मला पटत नाही. लहानपणी फुलपाखरं सगळेच पकडतात. माझ्याबरोबर नीलमनगरच्या मैदानात चतुर पकडून त्यांच्या शेपटीला दोरा बांधणारे सगळे आज विमा, सॉफ्टवेअर आणि कॅनडा इथे आहेत. वाट सापडल्यावर मागे वळून बघताना ती सरळ दिसते. चालताना ती तशी नसते, आणि ज्यांची नावं आपण मुलांपुढे ठेवतो त्यांचीही नव्हती.

सलीम अलींचंच घ्या. पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने चिमणी मारली, ती घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे गेले, आणि तिथून म्हणे पक्षिशास्त्र सुरू झालं. मधली वर्षं कोणी सांगत नाही. कॉलेज अर्ध्यावर टाकून ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेले, तो धंदा बसला, परत येऊन त्यांनी दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनिशी शिकायला घेतली. म्हणजे आपल्या उपनगरांतल्या निम्म्या मुलांसारखी त्यांचीही कॉमर्सला अ‍ॅडमिशन होती. सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटरांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे ओढलं. विद्यापीठाची पदवी नाहीच. 1926 साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना माहिती सांगण्याची नोकरी लागली, मग जर्मनीत बर्लिनला जाऊन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकून आले, आणि 1930 साली परत येतात तर म्युझियमकडे पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झालेली. वय तेहेतीस, लग्न झालेलं, हातात काम नाही. नवराबायको अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले.

किहीमला सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्यात बेकार माणूस काय करणार? सलीम अली तिथे बसून सुगरणींची घरटी बघत राहिले. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर आत शिरते, मग नर खालची नळी पुरी करतो, आणि ही अंड्यांवर बसली की तो पठ्ठ्या शेजारीच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे त्याआधी कोणी नीट मांडलेलं नव्हतं. घरटी तर कोकणात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लोंबत होती. पण त्यांच्याखाली दिवसच्या दिवस बसायला ज्याला दुसरं काही काम नाही असा माणूस लागत होता. आता कोणी म्हणेल, बेकारीचं कौतुक कशाला? कौतुक नाहीच. सलीम अलींच्या पाठीमागे तय्यबजींचं घराणं होतं, डोक्यावर छप्पर होतं. भांडुपच्या दहा बाय बाराच्या खोलीतल्या मुलाला किहीमचं घर कोण देणार? हा मुद्दा मी विसरत नाही, पुढे येतेच त्यावर.

माझ्या स्वतःच्या शाखेतलं, म्हणजे परळच्या कर्करोग संशोधनातलं मोठं नाव कमल रणदिवे. पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, जन्म पुण्याचा, 8 नोव्हेंबर 1917. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे, आणि गंमत अशी की त्यांनाही वाटायचं मुलीने डॉक्टर व्हावं, डॉक्टरशीच लग्न करावं. लिफ्टमधल्या काकांना इतका मोठा पूर्वज आहे. मुलीने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, लग्न एका गणितज्ञाशी केलं, आणि एमएस्सीला पुण्याच्या शेतकी कॉलेजात सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं अभ्यासली. सीताफळ आणि स्तनाचा कर्करोग यांच्यात मला तरी काही सरळ रस्ता दिसत नाही. लग्नानंतर मुंबईला आल्या, टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये काम मिळालं. तिथे वसंत रामजी खानोलकर होते, भारतातल्या पॅथॉलॉजीचे अध्वर्यू. त्यांच्या मार्गदर्शनाखाली 1949 साली पीएचडी, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गाठीतून काढलेल्या आणि आजही जगभर वाढत असलेल्या ‘हेला’ पेशींची पहिली पैदास जिथे झाली, ती ही प्रयोगशाळा. तिथून परत येऊन परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर बाटलीत पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली, देशातली पहिली. 

पण रणदिवेबाईंच्या कामात मला सर्वांत जास्त थक्क करतात ते उंदीर. कर्करोग आनुवंशिक किती, संप्रेरकांचा भाग किती, विषाणूंचा किती, हे वेगळं काढायचं तर उंदीर एकसारखे हवेत. जुळ्या भावंडांहून एकसारखे. त्यासाठी भावाबहिणींचं मीलन लावत जायचं, निदान वीस पिढ्या सलग. उंदराची एक पिढी म्हणजे तीन महिने धरा. पाच वर्षं झाली, आणि अजून प्रयोग सुरूसुद्धा झालेला नाही, फक्त प्रयोगाचं साहित्य तयार झालंय. या पाच वर्षांत दिवाळीला कोणीतरी येऊन पिंजऱ्यातला भुसा बदलायचा असतो. 26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली तेव्हासुद्धा परळच्या कितीतरी अ‍ॅनिमल हाउसमध्ये लोक रात्रभर थांबले असतील, कारण उंदरांना पाऊस कळतो पण सुट्टी कळत नाही.

मी या कंटाळ्यातली. मला पिंजऱ्यांच्या खोलीतला तो उग्र वास अजून आठवतो आणि सांगायला लाज नाही, मला तो आवडायचा. सकाळी मुलुंडहून 7.12 च्या स्लोने निघायचं, बायकांच्या डब्यात भांडुपपर्यंत उभं, पुढे चौथी सीट, परळला उतरून पूल ओलांडायचा, आणि पहिलं काम म्हणजे पिंजऱ्यांवरची कार्डं वाचत फिरणं. कुणाला पिल्लं झाली, किती झाली, कुठली आई पिल्लं खातेय. मग ऊतीचे तुकडे पॅराफिनच्या ठोकळ्यात बसवायचे, मायक्रोटोमवर पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे. काप कोमट पाण्यावर तरंगत फितीसारखे पसरतात, ते काचपट्टीवर अलगद उचलायचे, सुरकुती पडता कामा नये. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रकं निळी, इओसिनने बाकीचं गुलाबी. त्या निळ्या-गुलाबी रंगात माझी तिशी आणि चाळिशी गेली. वर्षातून एखाद्या वेळी असं काही दिसायचं की शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारावी. बाकी दिवस काप.

माझी एक मैत्रीण याच कामात वर्षभरात सुकून गेली. हुशारीत माझ्या दुप्पट. तिला खिडक्या नसलेली खोली सहन होईना. ती सोडून गेली तेव्हा आमच्या गाइडना ते अपयश वाटलं. पुढे ती खाडीत गाळ उपसून त्यातले किडे मोजायला लागली, ठाण्याच्या खाडीत, ओहोटीच्या वेळा पाठ करून, कमरेपर्यंत चिखलात. भेटली की हात काळेनिळे आणि चेहरा उजळलेला. मी तिच्याबरोबर एकदा ऐरोली पुलाखाली गेले होते. डास, वास, आणि दोन तास काहीच नाही. ‘बघ ना,’ ती म्हणाली. मला काय बघायचं तेच कळेना. तिला दिसत होतं.

उपनगरातल्या मुलांना एक सवय असते, महत्त्वाचं सगळं ‘टाउन’ला असतं असं धरून चालायची. संशोधनाचंही तसंच वाटतं. कुलाब्याला टीआयएफआर, परळला हाफकिन आणि टाटा, म्हणजे गाडीत बसल्याशिवाय विज्ञान नाही. एका अर्थी ते खरंही आहे. हाफकिन जिथे आहे त्या परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात 1899 साली प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. टीआयएफआरला 1962 साली ओबेद सिद्दीकी आले आणि भौतिकवाल्यांच्या त्या घरात रेण्वीय जीवशास्त्राची चूल मांडली गेली. पण मला वाटतं, उपनगरातल्या मुलाला त्याच्या दारातल्या गोष्टी कोणी दाखवत नाही म्हणून तो गाडी पकडतो.

जोगेश्वरीचंच उदाहरण. पश्चिमेला अंध मुलांच्या शाळेच्या आवारात एक चाळीस फूट खोल विहीर आहे. त्या विहिरीत एक मासा निघाला, गांडुळासारखा लांब, लालसर, पर नाहीत, खवले नाहीत, आणि दृष्टीही नाही. जमिनीखालच्या पाण्यात राहणारी आंधळी वाम. 2021 साली तिचं वर्णन प्रसिद्ध झालं, नाव ठेवलं ‘रक्तमिक्थिस मुंबा’, मुंबाआईवरून. आंधळा मासा अंधशाळेच्या विहिरीत सापडावा हा योगायोग कथेत कोणी लिहिला असता तर संपादकाने खोडला असता. त्या विहिरीच्या भिंतीपलीकडे रोज हजारो माणसं रिक्षाची वाट बघत उभी असतात. वर्णन करणाऱ्यांमध्ये वर्सोव्याच्या मत्स्यशिक्षण संस्थेतले, म्हणजे सीआयएफईतले संशोधकही होते. जोगेश्वरीहून ही संस्था रिक्षाच्या अंतरावर. 1961 पासून ती मुंबईत आहे. अंधेरीत जन्म काढलेल्या किती जणांनी तिचं नाव ऐकलंय हे एकदा यारी रोडला उभं राहून विचारावं.

आरेचंही तेच. 2010 साली झीशान मिर्झा आणि राजेश सानप या मुंबईच्या दोघा तरुणांनी तिथल्या एका विंचवाला आरेचं नाव दिलं, ‘लायकस आरेयेन्सिस’. गोरेगावकर तिथे दूध आणि मॉर्निंग वॉक यांपलीकडे काही नाही असं समजत होते.

आणि बोरिवलीचे बिबटे. निकित सुर्वे हा मुंबईचा मुलगा, डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटमध्ये एमएस्सी करत असताना अभ्यासाला परत घरच्याच जंगलात आला. 2015 साली त्याने राष्ट्रीय उद्यानात आणि आसपास कॅमेरे लावून पस्तीस बिबटे ओळखले. प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे, त्यावरून ही ओळख पटते. टीव्हीवर त्यातले सुंदर फोटो आले. टीव्हीवर न आलेला भाग असा, की बिबट्या काय खातो हे कळायला त्याची विष्ठा गोळा करायची, धुवायची, वाळवायची, त्यातले केस वेगळे काढायचे आणि एकेक केस सूक्ष्मदर्शकाखाली धरून हा चितळाचा, हा कुत्र्याचा, हा डुकराचा असं ठरवायचं. कुत्र्यांचा वाटा बराच मोठा निघाला, आणि जंगलाला लागून असलेल्या कचऱ्याचा, कुत्र्यांचा आणि बिबट्यांचा संबंध आकड्यांत मांडता आला. हा अभ्यास आवडणारी मुलं माझ्याकडे आली की मी त्यांना फोटोंचं विचारत नाही, धुण्याचं विचारते. बहुतेकांचा चेहरा तिथे पडतो. एखादी मुलगी पटकन विचारते, ‘कुत्र्याचा आणि कोल्ह्याचा केस वेगळा कसा ओळखतात?’ मग मी चहा टाकते.

आता भांडुपच्या खोलीतल्या मुलाचं. शाळेत असताना होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेचं वारं मुंबईत प्रत्येक घरात शिरतं. सहावी आणि नववीची मुलं, लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत, आणि त्यासाठी क्लास, क्लासला जायला रिक्षा. ज्यांना हे परवडतं त्यांना सुवर्णपदक मिळो न मिळो, निदान प्रयोगशाळा बघायला मिळते. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी घाटकोपरहून फार लांब नसलेलं मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. जीवशास्त्र ऑलिंपियाडची शिबिरं तिथे होतात. 2008 ची आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिंपियाड मुंबईतच झाली होती. पदवीच्या मुलांसाठीही तिथे कार्यक्रम आहेत. उन्हाळ्यात देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत पाठवतात, विद्यावेतनासकट. हे सगळं फुकट किंवा जवळजवळ फुकट आहे. महाग असते ती माहिती, ती नेमक्या वेळी कानावर पडण्यासाठी घरात कोणीतरी त्या वर्तुळातलं असावं लागतं. लिफ्टमधले काका त्या वर्तुळात नसतात.

पत्र लिहा, असं मी सांगते. वेरोनिका रॉड्रिग्ज केनियात जन्मलेली, डब्लिनला शिकत होती. सिद्दीकींचं काम वाचून तिने त्यांना टीआयएफआरला पत्र पाठवलं आणि 1977 साली मुंबईत येऊन दाखल झाली. फळमाशीला वास आणि चव कशी कळते या विषयात पुढे तिचं नाव जगभर घेतलं गेलं. आजच्या मुलाला ईमेलचं बटण दाबायचं असतं, तरी तो दाबत नाही, कारण ‘सर एवढे मोठे, ते कशाला उत्तर देतील’. दहातले आठ देत नाहीत हेही मान्य. उरलेल्या दोघांसाठी लिहायचं. आणि पत्रात ‘आपल्या महान संस्थेत’ वगैरे न लिहिता, त्यांच्या अमुक लेखातल्या तमुक आकृतीत मला एक गोष्ट कळली नाही, असं लिहायचं. हे वाचून उत्तर न देणारा संशोधक मी तरी फारसा पाहिलेला नाही. आम्हाला आमची आकृती कोणी वाचली याचंच अप्रूप असतं.

पैशाचं सांगताना मी आढेवेढे घेत नाही. सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा जेआरएफसकट, म्हणजे पाठ्यवृत्तीसकट, निघाली तर 2023 पासून महिना 37 हजार, दोन वर्षांनी 42 हजार, वर घरभाडं. ऐकायला बरं वाटतं. त्यातही पैसे दरमहा वेळेवर येतीलच असं नाही. ज्यांनी ही वर्षं काढली आहेत त्यांच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी बहिणीकडून उसने घेतलेले असतात. पीएचडी संपता संपता तिशी येते, मग पोस्टडॉक, आणि पक्की नोकरी लागेपर्यंत सोसायटीतल्या बरोबरीच्या मुलांचं दुसरं घर बुक झालेलं असतं. माझ्या आईने शेवटपर्यंत नातेवाइकांना सांगितलं की मी ‘टाटाच्या इथे, परळला’ असते. लोक समजायचे डॉक्टर असेल. तिने कधी दुरुस्त केलं नाही, मीही नाही.

मुलींना यात आणखी एक अडथळा असतो, आणि तो जुना आहे. कमला भागवत, आपल्या दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण, पुढच्या कमला सोहोनी. 1933 साली मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या तरी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, तेव्हा एक वर्ष चाचणी म्हणून घेतलं. पुढे केंब्रिजला बटाट्यातलं सायटोक्रोम सी शोधून 1939 साली पीएचडी. आणि नंतर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी काय केलं? डाळी, कडधान्यं, ताडाची नीरा. गरिबाच्या ताटातलं एकेक जिन्नस घेऊन त्यात प्रथिन किती, जीवनसत्त्व किती, ते पोटात लागतं का, हे विद्यार्थ्यांकडून पुन्हा पुन्हा मोजून घेतलं. रामन यांच्या दारातला किस्सा मुलींना भाषणात ऐकवतात. नीरेची मोजमापं कोणी ऐकवत नाही. माझ्या मते बाईंचं आयुष्य त्या मोजमापांत होतं आणि त्यांना ते दारातल्या किश्श्यापेक्षा जास्त आवडलं असतं. पण हा माझा अंदाज.

गेल्या वर्षी घाटकोपरच्या पंतनगरहून एक मुलगा आला होता. वडील टेम्पो चालवतात. मेडिकलची ‘नीट’ परीक्षा दोनदा दिलेली, आता बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला. आईला वाटत होतं मी त्याला समजावून तिसऱ्यांदा नीट द्यायला लावेन. मी नेहमीचा प्रश्न विचारला. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘मोजायचा चालेल. लहानपणी टेम्पोतली कॅरेट मी मोजायचो, पप्पांचा हिशेब चुकायचा.’ आईने कपाळाला हात लावला. मला मात्र एवढं पुरलं.

वर्सोव्याकडे मासळीवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना मी त्याचं नाव सुचवलं. माशांच्या डोक्यात, कानाच्या जागी, चुन्याचे खडे असतात. ढोमा, घोळ अशा माशांत तर चांगले ठसठशीत. मासा वाढतो तसा खड्यावर थर चढत जातो. खडा घासून पातळ करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या रेषा मोजायच्या, म्हणजे माशाचं वय कळतं. वय कळलं की समुद्रातले मासे म्हातारे होण्याआधीच ताटात येताहेत का ते कळतं. आपल्याकडच्या उबदार पाण्यात या रेषा थंड समुद्रातल्या माशांसारख्या ठळक नसतात, त्यामुळे दोन माणसांचे आकडे जुळत नाहीत, एकाच माणसाचे दोन दिवसांचेही जुळत नाहीत. म्हणून प्रत्येक खडा मोजायचा तो परत परत, आधीचा आकडा न बघता.

आता तो सकाळी घाटकोपरला मेट्रोत बसतो आणि वर्सोव्याला शेवटच्या स्टेशनावर उतरतो. वाटेत बाजारातून ढोमे घेऊन जातो, खडे काढून झाले की उरलेले मासे कोण घरी नेणार यावरून तिथे रोज वाद होतो म्हणे. आईचा राग अजून पुरता गेलेला नाही. ढोम्याचं कालवण मात्र ती करते. मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला.

‘मॅडम, एका खड्याचं काल चौदा आलं, आज अकरा येतंय. मला वाटतं कालचं चुकीचं होतं. अकरा लिहू?’

‘आजचं बरोबर कशावरून?’

तो थांबला. मागे टीव्हीवर मालिका चालू होती, आई कोणाला तरी जेवायला हाका मारत होती.

‘मग दोन्ही लिहितो,’ तो म्हणाला, ‘आणि उद्या परत मोजतो. पण कालची वही उघडायची नाही ना?’

‘नाही.’

‘मग ती तुमच्याकडे ठेवायला देऊ का? माझ्याकडे असली तर मी बघणार.’

शनिवारी तो मुलुंडला येऊन वही देऊन गेला.